गुरुवारचे एकशे बेचाळीस

वर्षाच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता क्लबमध्ये 'वार्षिक नियोजन बैठक' आहे असा निरोप आला, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. अकरा ही काय वेळ झाली? आमच्या धंद्यातली माणसं अकराला कूस बदलतात. आणि नियोजन कसलं डोंबलाचं? अठरा वर्षं मी प्रमोटर आहे. म्हणजे हॉल मालकाचा, गाणी डीजेची, आणि त्या हॉलमध्ये माणसं गोळा करण्याची उठाठेव माझी. या अठरा वर्षांत आमचं वार्षिक नियोजन एकाच पद्धतीने झालं. मालक कॉफी ढवळत विचारायचा, "काय, यंदा काय करायचं?" मी म्हणायची, "गेल्या वर्षीपेक्षा मोठं." तो म्हणायचा, "बरं." झालं नियोजन. कप विसळायचे आणि कामाला लागायचं.

यंदा मात्र मालकाची लेक घरी परतली होती. कुठलासा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून आली होती आणि बापाचा क्लब आता ती बघणार होती. पोरगी वाईट नाही. हुशार आहे, वेळेवर येते, समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबते. आमच्या धंद्यात या तिन्ही गोष्टींची सवय नसल्यामुळे पहिल्या दिवसापासून ती आम्हाला जड जात होती.

माणसाने क्लब दिवसा बघू नये. रात्री काळी वाटणारी भिंत प्रत्यक्षात तपकिरी आहे आणि खांद्याच्या उंचीवर हजारो पाठी घासून तिला चकाकी आली आहे. आरशांच्या गोळ्यावर बोटभर धूळ. फरशीला चपला चिकटतात. सगळ्या ट्यूबलाइट लावलेल्या, फिनेलचा वास, आणि नाचायच्या जागेच्या मधोमध एक लांब टेबल. टेबलावर प्रत्येकाच्या नावचा एकेक कागद पालथा ठेवलेला. एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला लेक, आणि मधे परीक्षेला बसल्यासारखी आम्ही चौघं बसलो. शुक्रवारची रात्र चालवणारे दोघे भाऊ, शनिवारचा डबल आणि मी. मला सगळे गुरुवारवाली म्हणतात.

डबलचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही, त्याच्या बायकोलाही ते आठवत नसेल. दहा माणसं आली तर वीस सांगतो म्हणून तो डबल. तसं बघायला गेलं तर आम्ही सगळेच ते करतो, नाव फक्त त्याला पडलं. आमच्यात रीतच आहे तशी. पार्टी संपली की प्रमोटरने मालकाला मेसेज करायचा, आज किती माणसं आली. आणि खरा आकडा कोणी सांगत नाही. खरा आकडा सांगणं म्हणजे अंतर्वस्त्रात रस्त्यावर फिरण्यासारखं. दीडशे आले तर साडेतीनशे लिहायचे. मालकही जुना खेळाडू. तो वाचायचा, मनातल्या मनात निम्मे करायचा आणि झोपायचा. मी फुगवते हे त्याला ठाऊक, तो निम्मे करतो हे मला ठाऊक. अठरा वर्षं याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

लेकीला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही वर्षभर पप्पांना पाठवलेले आकडे मी एकत्र केले आहेत," ती म्हणाली. "तुमचेच आकडे. आपण त्यात पंचवीस टक्के वाढ हे यंदाचं उद्दिष्ट धरू या. कागद उलटा."

मी कागद उलटला. गुरुवार, सरासरी उपस्थिती तीनशे चाळीस. यंदाचं उद्दिष्ट, चारशे पंचवीस. त्याखाली कृती, मुदत, जबाबदारी असे रकाने, आणि सगळ्यात खाली सहीची रेघ.

माझे डोळे पांढरे झाले. शेजारी डबलच्या घशातून एक विचित्र आवाज आला, त्याला साडेसातशे मिळाले होते.

"आणखी एक," ती म्हणाली. "मोठा हॉल चालू ठेवायचा तर किमान शंभर माणसं हवीत. ज्या रात्रीला शंभरही होत नाहीत, ती रात्र वरच्या खोलीत हलवू."

 वरची खोली म्हणजे लोखंडी जिन्याच्या सव्वीस पायऱ्या चढून गेल्यावर एक डबा आहे, पूर्वी तिथे तुटक्या खुर्च्या ठेवायचे. तिथे लोकांच्या पिशव्या-कोट ठेवायची क्लोकरूम नाही. आणि क्लोकरूम नाही म्हणजे माझी आत्या नाही.

आत्या आमच्या क्लोकरूमच्या खिडकीत बसते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि मी हा धंदा सुरू केला तेव्हा "पोरगी रात्रीची एकटी कुठे कुठे फिरणार" म्हणून शिवणकाम सोडून माझ्यामागे आली. आता सत्तरी उलटली आहे. गुडघे गेलेत, जिना चढायचा म्हटलं तर तिला कोणीतरी उचलूनच न्यावं लागेल. बाकीच्या रात्रीही खिडकीत बसते, पण गुरुवार आला की दुपारी चारलाच आंघोळ करून, केसांना तेल लावून तयार. गुरुवार तिच्याकडून काढून घेतला तर ती काय करेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो त्या टेबलावर करावा लागला.

आणि गुरुवार म्हणजे साधी रात्र नाही, हेही सांगायला हवं. ज्यांना शनिवार-रविवार नसतो त्यांच्यासाठी मी तो बारा वर्षांपूर्वी सुरू केला. नर्स, आचारी, बसवाले, केस कापणाऱ्या, रखवालदार. लोक मजा करतात तेव्हा हे राबतात. यांनी नाचायचं कधी? म्हणून गुरुवार, संध्याकाळी सातपासून. कामावरून थेट येतात, पिशव्या-डब्यांसकट. माझ्या हातून आयुष्यात एवढी एकच गोष्ट धड झाली आहे.

आणि तिच्यापुढे चारशे पंचवीस लिहिलेलं बघून मला गप्प बसायला हवं होतं. सही करून, वर्षभर थापा मारून, डिसेंबरात काय ते बघता आलं असतं. पण माझा स्वभाव! डोक्यात तिडीक गेली आणि मी ओरडले, "अगं बाई, हॉलच तीनशेचा आहे! तो बघ दारावर बोर्ड लावलाय अग्निशमनवाल्यांनी. चारशे पंचवीस माणसं काय छताला लटकवू?"

तिने मान वळवून बोर्ड बघितला. नीट वाचला. मग माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "खरंच की. मग गेल्या वर्षी तीनशे चाळीस कुठे उभे होते, ताई?"

 शुक्रवारच्या भावांपैकी धाकटा बुटाची नाडी बांधायला वाकला तो वर येईना. डबलने माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेने दूध नासलं असतं. मालक आरशांच्या गोळ्याकडे बघत बसला, जणू तो गोळा आजच कोणीतरी तिथे टांगला होता. आणि या सगळ्याला कारण कोण, तर मी. अठरा वर्षांची झाकली मूठ मी स्वतःच्या तोंडाने उघडली होती.

"म्हणजे एक तर आपण वर्षभर कायदा मोडलाय," लेक म्हणाली, "किंवा हे आकडे खरे नाहीत. वीस मिनिटं थांबू. परत याल तेव्हा मला खरा आकडा सांगा. कोणाला रागावणार नाही. मला फक्त कुठून सुरुवात करायची ते कळायला हवं."

डबल मला बारपाशी गाठून म्हणाला, "ताई, तू गप्प बसायला काय घेशील?"

"तुला साडेसातशे झेपणार होते का?"

"झेपायचं काय त्यात? सांगायचेच होते ना!"

मी तडक आत्याकडे गेले.

सोमवारी क्लब बंद असला तरी आत्या आली होती. बिल्ल्यांचे दोरे झिजलेत, ते बदलायला. खिडकीमागे तिची ती चिंचोळी खोली, दोन्ही भिंतींना लाकडी फळ्या, फळ्यांना एकशे साठ खुंट्या. खुंटीला जो नंबर तोच बिल्ल्याला. बाकीच्या रात्री दारात मनगटावर शिक्का मारतात. गुरुवारी मी तो पहिल्याच महिन्यात बंद केला, कारण एक नर्स पुढच्या गुरुवारी तो शिक्का घासून घासून हात सोलून आली होती. वॉर्डात शाई लावलेले हात चालत नाहीत, स्वयंपाकघरातही नाहीत. तेव्हापासून गुरुवारी दारातून आधी आत्याच्या खिडकीशी यायचं, सामान द्यायचं, बिल्ला घ्यायचा. बिल्ला गळ्यात म्हणजे माणूस आत. माणूस एक, बिल्ला एक. इतका सरळ हिशोब माझ्यापासून पंधरा पावलांवर बारा वर्षं लटकत होता, आणि मी स्टेजच्या पायरीवर उभी राहून नजरेने गर्दी मापायची आणि मनाला येईल तितक्याने गुणायची.

"आत्या, गुरुवारी खरी किती माणसं येतात गं?"

तिने सुईतून दोरा ओढला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आज कसं सुचलं विचारायला?"

"घाई आहे, सांग ना."

"तुला कधी घाई नसते? लहानपणी जेवायला बसायचीस तीसुद्धा एक पाय दारात ठेवून."

"आत्या!"

"सांगते, ओरडू नकोस. रोजच्यांची खुंटी ठरलेली आहे. कोणी साडेआठपर्यंत नाही आला, तर तेवढ्यापुरती ती खुंटी मी नवीन माणसाला देते. मधे रिकामी ठेवत नाही. गेल्या गुरुवारी शेवटचा बिल्ला गेला एकशे बेचाळीस. त्याच्या आदल्यालाही दोनचार इकडेतिकडे. पण ऐक, त्यातला..."

मी ऐकायला थांबले नाही. एकशे बेचाळीस! मला वाटलं होतं त्यापेक्षा वाईट नव्हतं. शंभराच्या वर, चांगले बेचाळीस वर. हॉल राहत होता, क्लोकरूम राहत होती, आणि खरं बोलूनही राहत होती. असा योग आमच्या धंद्यात पुन्हा येत नाही. मी जवळजवळ पळतच टेबलाशी आले.

वीस मिनिटांत इकडेही काहीतरी घडलं होतं. मालकाने लेकीला बारमागे नेऊन काहीतरी सांगितलेलं दिसत होतं, कारण ती आता त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि मालकाच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखा भाव होता.

"शनिवार?" तिने विचारलं.

डबलने छातीवर हात ठेवला. "अगदी खरं सांगतो. दोनशे नव्वद."

शनिवारी शंभराच्या वर माणूस मी गेल्या वर्षात पाहिला नव्हता. पण मी काही बोलले नाही, आधीच खूप बोलून झालं होतं. लेकीने बापाकडे बघितलं. बापाने डोळे किंचित मिटून उघडले. आणि तिने डबलच्या कागदावर लिहिलं, एकशे पंचेचाळीस.

"शुक्रवार?"

"दोनशे साठ," थोरला म्हणाला.

पुन्हा तीच नजर. कागदावर एकशे तीस.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मालकाने आपली रीत तिच्या कानात घातली होती. हे जे सांगतील त्याचं निम्मं कर. आणि डबल, तो चोर, हे आधीच ओळखून बसला होता. खोटं बोलायची रीत होती तेव्हाही तो खोटं बोलला, खरं बोलायला सांगितलं तेव्हाही खोटंच बोलला, आणि दोन्ही वेळा बरोबर ठरला.

"गुरुवार, ताई?"

आता माझी पंचाईत बघा. एकशे बेचाळीस ही नोंद व्हायला हवी, तर मला दोनशे चौऱ्याऐंशी सांगायला हवे होते. खरं लिहून घ्यायचं तर खोटं बोलायचं. आणि तोंडावर सहज आलं असतं ते, अठरा वर्षांची सवय आहे. दोनशे चौऱ्याऐंशी म्हटलं की हॉल माझा, खिडकी आत्याची, सगळे आनंदाने घरी. पण डबलचा तो छातीवर ठेवलेला हात मला दिसत होता आणि माझा संताप संताप होत होता. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. मला फक्त त्याच्यासारखं व्हायचं नव्हतं, निदान त्या मिनिटाला तरी.

"एकशे बेचाळीस," मी म्हणाले.

लेकीने बापाकडे बघितलं. बापाने डोळे मिटून उघडले. तिने लिहिलं, एकाहत्तर.

"नाही!" मी उठून उभी राहिले. "निम्मे करू नकोस. हा खरा आकडा आहे."

डबल हसला. मग भाऊ हसले. मालकही हसला, आणि त्याच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता हेच मला जास्त लागलं. "अगं, असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला. "तू तर दर गुरुवारी म्हणतेस. 'मालक, आज खरंच साडेतीनशे.' मी कधी वाद घातला का?"

"पण आज खरंच खरं सांगतेय!"

"बस खाली. वरची खोली काही वाईट नाही. रंग देऊन घेऊ."

मला आलं ते रडू नव्हे, रागच. पण राग कोणावर काढायचा? मालक चुकीचं वागत नव्हता. त्याला हे निम्मं करायला शिकवलं कोणी? मीच. दर गुरुवारी, मेसेज करून करून, बारा वर्षं शिकवलं. आज तो पोपटासारखं म्हणून दाखवत होता तर माझ्याच अंगाचा तिळपापड होत होता.

"पुरावा आहे का काही?" लेकीने विचारलं. तिने विचारलं हे मी विसरणार नाही. बाकी कोणी विचारलं नव्हतं.

"आहे," मागून आवाज आला.

दिवसा त्या हॉलमध्ये कुजबुजलं तरी चारही कोपऱ्यांत ऐकू जातं. आत्याने सगळं ऐकलं होतं. भिंतीला हात लावत लावत ती येत होती, आणि दुसऱ्या हाताखाली तिने बिल्ल्यांची फळी धरली होती. खिळ्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिळ्याला बिल्ला. टेबलावर ठेवली तेव्हा सगळे बिल्ले खडखडले.

"आत्या तिचीच ना," डबल पुटपुटला. "ती हो म्हणणारच."

"तू शनिवारी माझ्याकडे हेल्मेट ठेवतोस," आत्या त्याला म्हणाली, "आणि शनिवारी माझ्याकडे साठाच्या वर सामान कधी येत नाही. मी बोलले का काही? मग तू गप्प बस."

 आत्या खुर्चीवर टेकली, गुडघा चोळला आणि लेकीकडे वळली. "विचार. कुठलाही नंबर विचार."

लेकीने फळीवर बोट ठेवलं. "तीन."

"हॉस्पिटलातली नर्सबाई. पांढरे बूट वेगळ्या पिशवीत देते. बूट कोटाला लागलेले तिला चालत नाहीत."

"चौदा आणि पंधरा?"

"मामा-भाचे. हॉटेलात भांडी घासतात. दोघांत मिळून जॅकेट एकच, पण बिल्ले दोन लागतात. भाच्याचा बिल्ला मी त्याच्या छत्रीवर देते. छत्री उघडत नाही, पण आणतो बिचारा, बिल्ला मिळावा म्हणून."

"अठ्ठावीस?"

"बसवाला. चष्मा काढून माझ्या हातात देतो. एकदा नाचताना फुटला होता."

"एकशे सतरा?"

"ती मेपासून येते. कोर्टातून सही करून थेट आली होती पहिल्या दिवशी. कागदाची फाइल ठेवायला दिली आणि म्हणाली, हरवली तरी चालेल. मी हरवली नाही. अजून माझ्याकडेच आहे."

लेकीने लिहिणं थांबवलं होतं. मी उभीच होते. बारा वर्षं ही माणसं मी गोळा केली म्हणून छाती फुगवून सांगत होते, आणि त्यांच्यातल्या एकाचंही मला एवढं ठाऊक नव्हतं. मी त्यांना दोनाने गुणलं, अडीचने गुणलं. ओळखलं नाही.

"आणि हा?" लेक म्हणाली. फळीवर एकच खिळा रिकामा होता. साठ आणि बासष्टच्या बरोबर मध्ये. "हा बिल्ला कुठाय?"

आत्याने कमरेची छोटी पिशवी उघडली, आणि बिल्ला काढून टेबलावर ठेवला. एकसष्ट. त्याचा दोरा जुनाच होता, काळा पडलेला.

"बेकरीवाल्याचा," ती म्हणाली. "केसात पीठ घेऊन यायचा. डावीकडच्या खांबापाशी नाचायचा. सप्टेंबरात गेला. त्याची बायको आली होती गुरुवारी, बिल्ला परत करायला. आदल्या आठवड्यात चुकून गळ्यात तसाच घरी गेला होता म्हणे. तिने तो धुऊन, रुमालात बांधून आणला होता. मी म्हटलं, बाई, आत या, बसा. तर म्हणाली नको, फक्त बघते. दारातून थोडा वेळ बघत उभी राहिली आणि गेली." आत्याने बिल्ला पुन्हा हातात घेतला. "ती खुंटी मी कोणाला देत नाही. म्हणून मघाशी सांगत होते तुला. शेवटचा बिल्ला एकशे बेचाळीस, पण माणसं एकशे एक्केचाळीस. तू ऐकायला थांबलीस कुठे?"

मला तो माणूस आठवला. पहिल्या गुरुवारी एकूण अकरा जण आले होते आणि सगळे भिंतीला चिकटून उभे होते. मी दाराआड उभी राहून रडायच्या बेतात होते. तेव्हा केसात पीठ असलेला एक जण मधोमध गेला आणि एकटाच नाचायला लागला, अगदी वाईट नाचत होता, आणि मग बाकीचे आले. गुरुवार उभा राहिला तो त्याच्यामुळे. हे मी लोकांना गोष्टीसारखं सांगते. तो चार महिने खांबापाशी नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

लेकीसमोरच्या कागदांत गेल्या वर्षीचे सगळे मेसेज ओळीने लावलेले होते. मी ते माझ्याकडे ओढले. सप्टेंबर काढला. त्याची बायको दारात उभी राहून गेली त्या गुरुवारी मी मालकाला लिहिलं होतं, "आज तीनशे ऐंशी! पाय ठेवायला जागा नाही."

आयुष्यात एकदा खरं सांगायला उभी राहिले, आणि तेव्हाही एक माणूस वाढवून सांगितला होता.

मी खाली बसले.  लेकीने माझ्या कागदावरचे एकाहत्तर खोडले आणि एकशे एक्केचाळीस लिहिलं. बापाकडे न बघता लिहिलं. "हॉल तुमचाच राहील, ताई," ती म्हणाली. मग घसा खाकरून तिने बाकीच्या कागदांकडे नजर टाकली. "उद्दिष्ट राहिलं. पंचवीस टक्क्यांनी एकशे शहात्तर होतात."

"खुंट्या एकशे साठच आहेत," आत्या म्हणाली. "एका खुंटीवर दोघांचं सामान मी लावत नाही."

"मग एकशे साठ लिहू?"

"एकशे एकोणसाठ," मी म्हणाले.

मालकाला राहवलं नाही. धंदा शेवटी धंदा. "अगं, एकाने काय होतंय? एकशे साठ कर. गोल आकडा कागदावर बरा दिसतो. तूच तर म्हणायचीस नेहमी."

खरं होतं. मीच म्हणायची. एकोणनव्वद आले तर नव्वद, नव्वदचे शंभर, शंभराचे अडीचशे. अठरा वर्षांत मी कमी आकड्यासाठी कधी कोणाशी भांडले नव्हते.

"नाही मालक," मी म्हणाले. "एकशे एकोणसाठच."

आणि लेकीच्या हातातून पेन घेऊन मी तो आकडा स्वतः लिहिला, अक्षरी आणि अंकी दोन्ही, म्हणजे नंतर कोणी तो बदलू नये. मीसुद्धा.